करंगळीची जागा

काल सकाळी बूट उन्हात घातले. अंगणभर सुपारी वाळत पडलेली, तिच्या कडेला जरा जागा करून ते दोन बूट ठेवले आणि पायरीवर बसून राहिलो. समोर आंब्याची कलमं मोहोरानं भरलीयत. यंदा मोहोर चांगला आलाय, पण मी तसं मोठ्यानं म्हणणार नाही. बागायतदारानं मोहोराला चांगला म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी मळभ हजर! तर हवेत तो गोडसर, डोकं जरा जड करणारा वास होता, आणि त्या वासातून मला दोन वर्षांपूर्वीचा दुसराच वास यायला लागला. नव्या चामड्याचा आणि खोबरेल तेलाचा.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या घरातलं एक माणूस आफ्रिकेतला डोंगर चढायला निघालं होतं. माणूस म्हणजे माझी बायको, वसुधा. वय वर्षं एकोणसाठ. डोंगर म्हणजे किलिमांजारो. आमच्या पावस गावाच्या पंचक्रोशीत या नावाचा उच्चार तेव्हा प्रत्येकानं आपापल्या सोयीनं केला आणि महिनाभर मला रस्त्यात थांबवून थांबवून केला. "वहिनी कुठे चाललीत म्हणे? एकटीच? आणि तुम्ही?" हा शेवटचा प्रश्न विचारताना लोकांच्या डोळ्यांत जी दया असायची ना, ती मला अजून डाचते.

वसुधा भूगोलाची बाई. तीस वर्षं हायस्कुलात तिनं फळ्यावर तो डोंगर काढला. खाली तपकिरी खडू, वर पांढरा खडू, आणि वाक्य ठरलेलं: विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही माथ्यावर बर्फ. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय?" ही म्हणाली, "नाही गं." तर ती पोरगी म्हणते, "मग आहे कशावरून?" घरी येऊन हे सांगताना वसुधा खूप हसली. रात्री जेवताना मात्र हसली नाही. आमटी वाढता वाढता म्हणाली, "खरंच की हो. तीस वर्षं ऐकीव माहितीवर शिकवलं मी."

आमची मुलगी रेवती पुण्याला असते. नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर लटकत असते. आईनं फोनवर सहज सांगितलं आणि ही कार्टी तिकडून म्हणाली, "चल आई, जाऊ आपण." मी तेव्हा पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत होतो. हातातली आठळी हातातच राहिली. "अगं, बर्फच बघायचा तर फ्रीज उघड," मी म्हटलं. दोघींपैकी कुणीही हसलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. मी 'नको' म्हटलं असतं तर ती गेली नसती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा म्हणून झालेलं होतं. पूर्वी तिला चिपळूणच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, "आंब्याच्या दिवसांत मी इथं एकटा काय करू?" बस, एवढंच. तिनं दुसऱ्या दिवशी नकार कळवला, आणि पुन्हा कधी त्या शाळेचं नाव काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणून या वेळी तो शब्द मी जिभेखाली दाबून धरला. पण भीती काय दाबता येते? रात्रंदिवस एकच डोक्यात, ही तिथं उंचावर श्वास अडकून पडली तर? मी इथं फवारणीचा पंप पाठीला लावून उभा असणार, आणि मला कळणारसुद्धा नाही.

तयारी पावसाळा संपताच सुरू झाली. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्यांनी ती चढताना तिला शिव्या दिल्यात. वसुधा ती रोज पाच वेळा चढायची आणि पाच वेळा उतरायची. पाठीवरच्या पिशवीत वजन हवं, असं रेवतीनं सांगितलेलं. आमच्याकडे वजन म्हणजे नारळ. पहिल्या आठवड्यात चार, मग सहा, दिवाळीनंतर दहा. वाटेत भेटणाऱ्या बायका विचारायच्या, "बाई, नारळ कुठं पोचवताय एवढे?" ही म्हणायची, "कुठं नाही, परत घरीच." बायका माझ्याकडे बघून मान हलवायच्या. जणू मीच नारळ घालून पाठवलं होतं!

आणि मग पुण्याहून बूट आले. तपकिरी, जाड तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. आत दोन मोजे घालायचे म्हणून एक नंबर मोठे. वसुधानं ते घालून पडवीत दोन फेऱ्या मारल्या, आरशात बघितलं, आणि पुन्हा कागदात गुंडाळून खोक्यात भरून माळ्यावर ठेवले. "अगं, घालून फिर की," मी म्हटलं. "नको बाई," ती म्हणाली, "जांभ्यावर झिजतील. तिथं घालीन नवे." लग्नात मिळालेली पैठणीही तिनं अशीच चांगल्या दिवसासाठी ठेवलीय. तो दिवस अजून उजाडायचाय.

नवी वहाण चावते. हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरात बायकांच्या पायात नवी वहाण थेट जातच नसे. आधी तिला खोबरेल चोपडायचं, मग घरातल्या कुणा राठ टाचांच्या पुरुषानं ती आठ दिवस बागेतून फिरवायची, आणि मऊ झाली की मग ज्याची त्याला द्यायची. माझ्या बहिणीच्या लग्नातल्या चपला माझ्या वडिलांनी फिरवल्या होत्या. पंजा अर्धा बाहेर, पण फिरवल्या. आणि इथं माझी बायको कोरे करकरीत बूट घालून पाच दिवस डोंगर चढणार! मी मनाशी म्हटलं, हिला नको म्हणता येत नाही ना, मग निदान बूट तरी चावू देणार नाही.

माझे पाय लहान. शाळेत त्यावरून मला चिडवत. ते बूट माझ्या पायात बरोब्बर बसले. फक्त उजव्या करंगळीशी अडचण. तरुणपणी विहिरीचा कठडा बांधताना तिच्यावर जांभ्याचा चिरा पडला होता, तेव्हापासून तिच्या बाहेरच्या अंगाला सुपारीएवढं टेंगूळ आहे. तिथं बूट पहिले आठ दिवस असा चावला की काय सांगू. पण चावतोय म्हणूनच तर मी घालत होतो! पहाटे वसुधा उठायच्या आत खोक्यातून बूट काढायचे, तेल चोळायचं, बागेत जायचं, कलमांच्या ओळी पालथ्या घालायच्या, आणि ती पाखाडीवर गेली की पुसून खोक्यात परत. महिना दीड महिना हे चाललं होतं.

सखारामनं मला एकदा पकडलं. सखाराम तीस वर्षं आमच्या बागेत आहे. मला ओरडायचा हक्क असलेल्या मोजक्या माणसांतला एक. कलमाला टेकून बिडी ओढत तो माझे पाय न्याहाळत राहिला. "काय वो अण्णा, या वयात पोलिसात भरती व्हायचंय काय?" मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याला ते इतकं पटलं की त्यानं बिडी टाकली. "मंग बराबर हाय. वैनीचा पाय नाजूक." म्हणजे त्या खुळेपणात मी एकटा नव्हतो, एवढंच मला म्हणायचंय.

संक्रांतीच्या आधी रेवती आली. जायला पंचवीस दिवस उरले होते. आल्या आल्या म्हणाली, "आई, बूट किती रुळलेत बघू." वसुधा म्हणाली, "रुळायला घातलेत कुठे? कोरे आहेत." आणि खोकं उघडलं. मी पडवीच्या टोकाला जाऊन उगाचच दोरी गुंडाळायला लागलो. तळाच्या खाचांत लाल माती होती. चामडं तेलानं काळपट झालेलं. आणि उजव्या बुटाला बाहेरच्या अंगाला एक गोल फुगवटा.

"बाबा!"

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. रेवती बूट हातात धरून अक्षरशः खाली बसली. "बाबा, अरे बूट ज्याच्या पायात फिरतो त्याच्या पायाचा होतो. हा आता तुझा बूट आहे. आईचा पाय ह्यात सरकणार, फोड येणार, आणि अर्ध्यातून परत यावं लागणार. नवे आणून रुळवायला आता दिवस आहेत का?" आणि मग स्वतःशीच, हळू आवाजात, "कदाचित पुढच्या वर्षीच जावं लागेल."

वसुधा उठून आत गेली. नंतर स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "खरं सांगा. मी जाऊ नये म्हणून केलंत?"

"देवाशपथ नाही," मी म्हटलं. "चावू नयेत म्हणून केलं."

ते खरंच होतं. पण लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. रेवती 'पुढच्या वर्षी' म्हणाली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं होतं. क्षणभरच, पण झालं होतं. आणि वसुधानं बत्तीस वर्षं माझं तोंड वाचलेलं. तिला ते दिसलं असणारच. मला इतकी लाज वाटली की पाणी न पिताच बाहेर आलो, आणि बाहेर येऊन, जिभेखाली मी जे धरून बसलो होतो त्याच्या अगदी उलट बोललो. "रेवती," मी म्हटलं, "पुढचं वर्ष वगैरे काही नाही. हिचे पाय आणि हे बूट, दोघांना पंचवीस दिवस एकत्र नांदू दे. मग बघू." माझा आवाज जरा चढलाच. आतून वसुधाची भांड्यांची खळखळ थांबली.

त्या दिवसापासून बूट तिच्या पायातून उतरले नाहीत. पाखाडीवर बूट, बाजारात बूट, देवळात दाराशी बूट. हळदीकुंकवालासुद्धा! काठपदराची साडी, नाकात नथ आणि खाली ते दोन रेडे. कुणाच्याही दारात नाजूक चपलांच्या घोळक्यात ते बूट दिसले की गावात कळायचं, बाई आत आहेत. पहिल्या आठवड्यात टाचांना फोड आले. मी रोज संध्याकाळी कोमट पाण्याचं घमेलं ठेवायचो, तिचे पाय पुसायचो आणि मनातल्या मनात स्वतःचं श्राद्ध घालायचो. ती म्हणायची, "बरे होतील हो. असं तोंड करू नका." तिसऱ्या आठवड्यात फोड सुकले. करंगळीशी मात्र माझ्या टेंगळाची पोकळी तशीच राहिली. "तिथं हवा खेळते," ती म्हणायची.

मग थंडीचा प्रश्न. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणे. घरात एक मफलर होता, तोही वडिलांचा, कसर लागलेला. रेवतीनं आणलेलं ते फुगीर जॅकेट उणे पंधरात टिकतं की नाही हे रत्नागिरीत बघणार कुठे? तेव्हा मला हनीफ आठवला. माझा शाळेपासूनचा मित्र. मिरकरवाड्याच्या बंदरात त्याचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे ये घेऊन. फक्त सांग, वहिनींना सुरमईच्या बाजूला बसवू की कोळंबीच्या?"

बाहेर भर दुपारचं ऊन, जाळी विणणारे खलाशी, आणि माझी बायको जॅकेट, कानटोपी, हातमोजे, बूट अशा थाटात चाललेली. एक खलाशी हातातलं काम टाकून उभा राहिला. हनीफनं जाड दार उघडलं. आत पांढरी वाफ, पेट्यांवर पेट्या, आणि असा वास की आमच्या शाकाहारी घराण्याचे पूर्वज वर दचकले असतील. वसुधा एका उलट्या पेटीवर बसली. मीही आत गेलो, सदरा आणि तो मफलर. तीन मिनिटांत माझे दात वाजायला लागले. हनीफ दारातून ओरडत होता, "अण्णा, बाहेर ये! तुला कोण न्यायला आलंय आफ्रिकेत?"

मी बाहेर आलो नाही. तिथंच, मासळीच्या पेट्यांमध्ये, मी तिला म्हटलं, "वसू, मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. तोंडातून वाफ येत होती. "पण माझी भीती मी घेऊन जाईन. तुमची तुम्ही इथं सांभाळा. दोन्हीचं ओझं मला नाही झेपायचं." मग माझ्या हातांवर आपले हातमोजे घासत म्हणाली, "आणि जा हो बाहेर. निळे पडलात."

ती वीस मिनिटं बसली. बाहेर आली ती लाल नाक घेऊन, हसत. "पाय गरम आहेत!" म्हणाली. जॅकेट चार दिवस वाऱ्यावर टांगलं तरी वास गेला नाही. पुढे त्या डोंगरावरच्या तंबूत रेवती म्हणाली होती म्हणे, "आई, तुझ्या जवळ बसलं की बंदरावर आल्यासारखं वाटतं."

निघायच्या दिवशी सखारामनं बागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवला. हा राखणदार म्हणजे विहिरीजवळचा एक शेंदूर लावलेला धोंडा, पण त्याला न विचारता आमच्याकडे आंब्याची पहिली पेटीसुद्धा भरत नाहीत. सखारामनं डोकं उघडं केलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आज आमची वैनी परमुलखात डोंगर चढायला जातंय. तुझी हद्द बागेच्या गडग्यापातुर, ती आमास ठावं हाय. पन तिकडं त्या डोंगराचा जो कोन राखणदार आसंल, त्याच्या कानावर घाल. बाई आमची हाय म्हनावं. जशी नेलीस तशी परत आन." आणि मी मागून म्हणायचं ते म्हटलं, "व्हय म्हाराजा." वसुधानं वाकून नमस्कार केला, बुटांसकट, आणि पाखाडी उतरून गेली. वरून मला बराच वेळ त्या बुटांचा आवाज येत होता.

नंतरच्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोहोरावर तुडतुडे आले, फवारण्या केल्या, भात जास्त शिजवला, कमी शिजवला. घरात इतकी शांतता की घड्याळ वैताग आणायचं. शेवटच्या चढाईच्या सकाळी मी बागेत होतो. नऊ वाजले, ती वर असायला हवी. दहा वाजले. सखाराम माझ्या मागे मागे फिरत होता. बारा वाजता मी फोन खिशातून काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसलो. अडीचला तो वाजला.

आवाज बसलेला, खरखरीत, पण तिचाच. "अहो," ती म्हणाली, "तुमची करंगळी पोचली हो वर!"

मी रडलो. सखारामच्या देखत, मोठ्यानं. फोनवर ती सांगत होती, वर बर्फ आहे, खरंच आहे, पांढऱ्या खडूपेक्षा निळसर आहे. वाटेत दोघांना पायांची बोटं बधिर झाली म्हणून परतावं लागलं, घट्ट बूट होते त्यांचे. हिची बोटं त्या पोकळीत हलत राहिली. उजव्या पायाची तरी. डाव्याचं एक नख गेलं, ते तिनं घरी येईपर्यंत सांगितलं नाही. आल्यावर ती आधी शाळेत गेली. ती मुलगी आता दहावीत होती. तिला फक्त म्हणाली, "आहे गं."

तर काल ते बूट उन्हातून आत आणताना मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी पाय घालून बघितला. शिरला, पण दुखला. करंगळीची जागा आक्रसलीय. टाच भलतीकडेच. बूट पूर्णपणे तिचा झालाय, मला ओळख दाखवत नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

यंदा मीही चाललोय. फार वर नाही. नेपाळात, बर्फाच्या पायथ्यापर्यंत, तिच्याबरोबर. डॉक्टर हो म्हणाले, आणि नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं असं मला रोज सकाळी वाटतं. माझे नवे बूट महिन्यापूर्वीच आलेत. वसुधानं बजावलंय, "रोज घाला. तुमचे तुम्हीच घाला." मी हो हो म्हणतो. बूट खोक्यात आहेत, माळ्यावर. उगाच जांभ्यावर कशाला झिजवायचे?

काल मात्र त्या जुन्या बुटानं चावा घेतल्यावर नव्यांची धास्ती वाटली. ती परसात फुलं काढत होती, तेवढ्यात खोकं खाली काढलं आणि उजवा बूट पायात चढवला. आत करंगळीपाशी काहीतरी टणक लागलं. पाय काढून हात घातला. तिच्या जुन्या लोकरी मोज्याच्या तुकड्यात बांधलेली एक सुपारी होती. अंगणातलीच, निवडून घेतलेली मोठी. नेमकी माझ्या टेंगळाच्या जागी दाबून बसवलेली, आणि बाहेरून त्या जागेचं चामडं ओलसर होतं. रोज कुणीतरी पाणी लावत असणार. तिथं गोल फुगवटा धरायला लागला होता.

बाहेरून तिची हाक आली, "अहो, सुपारी परतायला या. ऊन कलतंय." मी "आलो" म्हटलं. पण लगेच उठवेना. डोळे पुसले, सुपारी होती तशी, होती तिथं परत बसवली, आणि खोकं माळ्यावर ठेवून दिलं. अजून दोन दिवस राहू दे तिथं. मग घालतो.